मले कुठं टाकलं बे?

आमचे आवक-जावकचे बाबूजी कॉम्प्युटरवर काही दिसलं की बोट टेकवत. तेही तंबाखू मळलेलं, चुन्याचं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका शेती ऑफिसात मी कंत्राटी ऑपरेटर होतो. कोण कोणाच्या हाताखाली, असा चौकोन-रेघांचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर पांढरा ठिपका उमटवून त्यांनी विचारलं, "मले कुठं टाकलं बे?"

"सगळ्यात खाली, बाबूजी. माझ्या बाजूला."

"हाव. मंग सोबत तं हाय."

बायको वारलेली, पोरगी सुरतेला. टेबल व्हरांड्याच्या टोकाला. तुमच्याही ऑफिसात असं एक टेबल असेल, जिकडे फक्त टपाल जातं. डबाही ते टपालाशेजारीच खात.

मग आमच्या ऑफिसच्या प्रमुखांची, मंडळ कृषी अधिकाऱ्यांची बदली झाली. मी कॉम्प्युटरमधला मोठा जाणकार, त्यांचा चौकोन ऐटीत पुसला. प्रोग्रामने त्यांच्या थेट हाताखालचा पहिला चौकोन उचलून त्या जागी बसवला. तो बाबूजींचा. मी न बघता छापून दारात टांगला. तक्त्यात नुसती नावं होती. त्यामुळे बाबूजी अधिकारी झाले आणि मी त्यांच्या हाताखाली.

त्या वर्षी अळी लागत नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली होती. शेतकरी पिशवीत बोंडं घेऊन येत, तक्ता वाचत आणि थेट व्हरांड्याच्या टोकाला जात.

"मी साहेब नाही गड्या."

"मंग कोण हाय?"

"बस तं खरं."

बाबूजी नखाने बोंड उकलत. आतल्या गुलाबी अळीकडे दोघं बघत राहत.

"बीटीले बी खाल्लं हिनं."

"खाल्लं ना."

उपाय त्यांच्यापाशी नव्हता, अधिकारही नव्हता. पण टेबलाशी बाकडं आलं, माठ आला. डबा कोणासोबत तरी उघडू लागला.

एक दिवस तालुक्याहून आलेल्या मोठ्या साहेबांनी तक्ता वाचला आणि मला झापलं. मी दुरुस्तीला बसलो. बाबूजी मागे येऊन उभे राहिले.

"नवे साहेब येतपर्यंत राहू देशीन काय?"

"आजच करायला सांगितलंय, बाबूजी."

त्यांनी पडद्यावर माझ्या चौकोनाशेजारच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. "मंग टाक इथं."

नवा तक्ता लागला आणि शेतकरी तिकडे वळेनासे झाले. बाकड्यावर टपाल आलं.

उन्हाळ्यात ते रिटायर झाले, भाड्याची खोली सोडून गेले. मी त्यांचा चौकोन पुसला. या वेळी कोणीच वर सरकलं नाही. उरलेले चौकोन जरा रुंद झाले आणि जागा भरून गेली.

चुन्याचा ठिपका तेवढा पडद्याच्या काचेवर होता. तो आता माझ्या नावावर आला होता.