गाऱ्हाणं कोणी घालायचं

उन्मेष गँगमध्ये आल्यापासून कुशाबाच्या पोटात दुखत होतं, आणि ते लपवायच्या भानगडीतही तो पडत नव्हता. लालबागच्या चाळीत म्हातारा झालेला हा माणूस आयुष्यभर रेल्वेच्या विजेच्या तारांवर झुकलेल्या फांद्या तोडत आला. कंत्राटदार बदलले, पण शेंड्यावर चढणारा कुशाबाच. आता गुडघे गेले. कुशाबा खाली दोर धरून उभा आणि वर उन्मेष, नवा पट्टा, नवं हेल्मेट, नवी मोटरची करवत. परवा तर रमाबाईनं, म्हणजे कुशाबाच्या सख्ख्या बायकोनं, डब्यात उन्मेषसाठी दोन घावने जास्त घातले. कुशाबानं ते वाटेतच खाऊन टाकले.

गाऱ्हाणं मात्र अजून त्याचंच होतं. गँग सगळी मालवणाकडची. झाडाला हात लावण्याआधी नारळ ठेवून जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, मगच चढायचं. कुशाबा ते मुद्दाम लांबवायचा. वीज बंद झाली की रेल्वेचा लाइनमन तारेला अर्थिंगची दांडी टांगतो; ती लागली की तार नक्की मेलेली. ती डोळ्यांनी दिसेपर्यंत कुशाबाचे देव संपत नसत. ही गोम त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

त्या रविवारी शिवडीजवळच्या उंबरासाठी गाड्या आणि वीज बंद ठेवायचा ब्लॉक घेतला होता. मुकादम अभय म्हणाला, "काका, आज उन्मेषला घालू दे गाऱ्हाणं. आवाज भारी आहे त्याचा."

आवाज खरंच भारी होता मेल्याचा. दोन वाक्यांत त्यानं आटपलं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले आणि उन्मेषनं शिडीवर पाय ठेवला. लाइनमन अजून फोन कानाला लावूनच उभा होता. तारेवर दांडी नव्हती.

कुशाबानं ते पाहिलं आणि तो गप्प राहिला. चढू दे, तो मनात म्हणाला, चढू दे शहाण्याला. उन्मेष चढला, आणखी चढला, त्याचं हेल्मेट पानांत शिरलं. तेव्हा कुठे कुशाबाला दरदरून घाम फुटला. उन्मेषच्या पट्ट्याला बांधलेला हातातला दोर त्यानं जीव खाऊन ताणला, तसा उन्मेष जागीच अडकला.

"खाली उतर! राखणदाराचा नाव घेतलंस नाय!" दुसरं काही तोंडातून निघेचना.

उन्मेष उतरला. कुशाबानं गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं, आठवतील तेवढे देव बोलावले आणि दांडी लागलेली दिसली तेव्हाच थांबला.

"म्हाताऱ्याला बघवत नाय रे," अभय हसून म्हणाला. बाकीचेही हसले.

काम उरकल्यावर उन्मेष त्याच्या शेजारी येऊन बसला. "काका, यापुढे गाऱ्हाणं तुम्हीच घाला. तेवढं तरी तुमच्याकडे राहू दे."

कुशाबाची कानशिलं तापली. दांडीचं सांगून टाकलं असतं, तर सगळ्यांची तोंडं तिथल्या तिथे बंद झाली असती. पण मग पोरानं विचारलं असतं, काका, दांडी नाही हे तुम्हाला दिसलं कधी?

"बरं," एवढंच तो म्हणाला.