ताईने तपासलेली सवत

माझ्या थोरल्या बहिणीने एकतीस वर्षं विजेची बटणं दाबली. बटणांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर, तपासणीला, ती बसायची. ट्रेमधलं एकेक बटण उचलायचं, दोनदा दाबायचं, आवाज नीट आला तर हिरवी चिकटपट्टी, नाही आला तर लाल. ती निवृत्त झाली, पण लाल चिकटपट्टी काही तिच्या हातातून सुटली नाही. माझे पडदे, माझ्या मुलाचं अक्षर, माझा नवरा, सगळ्यांवर तिने ती कधी ना कधी लावलेली आहे. नवऱ्याच्या बाबतीत ती चुकली असं मला म्हणता येत नाही, ते सोडा.

एक मात्र कबूल करायला हवं. ताई तिरकस असेल, खोटी नव्हती. एकदा मालकाच्या मेहुण्याने आणलेल्या पितळी पट्ट्या आत घातलेली दोनशे खोकी बटणं तिने एकजात लाल केली होती. मालक चिडले, मेहुणा घरी येऊन गोडगोड बोलून गेला, पण ही बया हलली नाही. चांगल्याला वाईट म्हणायचं नाही आणि वाईटाला चांगलं म्हणायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. त्या वर्षी तिची पगारवाढ झाली नाही आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही.

भाऊजी तिच्या अगदी उलट. चपलांच्या दुकानात सेल्समन. बोलण्यात असे पटाईत की एका पायाचा माणूस आला तरी त्याला जोडी विकून पाठवतील, असं त्यांचे दोस्त म्हणायचे. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला आणि नेमकी जीभच गेली. डोकं शाबूत, कान शाबूत, तोंडातून मात्र फक्त "ता... ता..." एवढंच यायचं.

तेव्हापासून त्यांची जीभ म्हणजे ताई. ते "ता ता" म्हणायचे आणि ही सांगायची, "पंखा लाव म्हणतायत." पुन्हा "ता ता". "तुझ्या नवऱ्याची नोकरी कशी चाललीय, विचारतायत." भाऊजी मान डोलवायचे. डॉक्टरसुद्धा चाट पडायचे. इस्पितळातून त्यांना डाव्या हाताने लिहायला पाटी दिली होती, ती ताईने पहिल्याच वर्षी कपाटावर टाकली. मला कळतंय ना सगळं, मग हाताला कशाला ताप, म्हणाली.

मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. उगाच कशाला लपवू? आमच्या घरी दोघांच्याही जिभा ठणठणीत, पण दिवसभरात "गॅस आला का" आणि "रिमोट कुठंय" यापलीकडे त्या हलत नाहीत. आणि इकडे एका अक्षरात यांचा संसार चाललेला. ताईकडून परत येताना माझ्या पोटात दुखायचं, आणि नवरा जेवणाचं विचारायचा.

मग तो टॅब आला.

इस्पितळातली स्पीच थेरपिस्ट, एक चटपटीत मुलगी, तो घेऊन घरी आली. असे पाचच टॅब त्यांना चाचणीसाठी मिळाले होते आणि यादीत तीस रुग्ण होते. तीन आठवडे वापरायचा, घरच्या माणसाने चार पानी फॉर्म भरायचा आणि त्यावरून टॅब कुणाच्या घरी कायमचा राहील ते ठरणार. तुमच्याकडे उपयोग होत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल, असं ती भाऊजींच्या देखत सांगून गेली. फॉर्म तिने ताईच्या हातात दिला.

टॅबवर चित्रांची बटणं होती: पाणी, पंखा, खिडकी, दुखतंय. खाली अक्षरं. आपण दाबायचं आणि आतून एका तरुण बाईचा स्वच्छ आवाज बोलणार. भाऊजींनी चित्रांकडे बघितलंही नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने दहा मिनिटं ते अक्षरं शोधत बसले. शेवटी टॅब बोलला, "आवाज छान आहे. बाई कोण आहेत?"

मी खो खो हसले. थेरपिस्ट हसली. चार वर्षांनी तो चपलेच्या दुकानातला माणूस त्या खोलीत परत आला होता. ताई तेवढी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ओट्यावरची कोरडी ठणठणीत भांडी पुसत होती.

"कानामागून आली आणि तिखट झाली," ती म्हणाली. त्या दिवसापासून टॅबचं नाव सवत पडलं.

सवतीने घर ताब्यात घेतलं. परगावी असलेला भाचा आधी फोनवर विचारायचा, आई, बाबा काय म्हणतायत? आता तो म्हणायला लागला, आई, बाबांना दे. मग ताई फोन टॅबजवळ धरून उभी राहायची आणि बापलेक तिच्या हाताला रग लागेपर्यंत बोलायचे. दुकानातले जुने दोस्त यायचे ते पूर्वी दहा मिनिटं ताईच्या तोंडाकडे बघून निघून जायचे. त्या आठवड्यात ते दोन तास बसले. तिने तीनदा चहा दिला आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

झोपताना भाऊजी टॅब उशाशी घ्यायचे. स्क्रीनवर बोटांचे डाग पडले की सदऱ्याच्या बाहीने पुसायचे. छत्तीस वर्षांत माझा चष्मा कधी पुसला नाही या माणसाने, असं ताईने मला फोन करून सांगितलं. हे सांगायला तिने दुपारी दोन वाजता फोन केला होता.

तिने टॅबच्या तपासणीची वही सुरू केली. त्यातलं मी वाचलंय. सकाळी आठला बॅटरी शंभर, साडेचारला मान टाकते. ऊन आलं की स्क्रीनमध्ये आपलंच थोबाड दिसतं. बोट जरा जास्त टेकलं की "पाणी पाणी पाणी". डाव्या हाताला वजन पेलत नाही, मांडीवरून घसरतो. मध्येच अडकतो, बंद करून चालू करायला दीड मिनिट. सगळं खरं होतं. ताई खोटं लिहिणारी नाही. चांगलंही लिहिलं होतं तिने, आवाज स्पष्ट, अक्षरं मोठी, पण ते जरा बारीक अक्षरात. आणि सवत अडकली की ताईचा चेहरा असा खुलायचा की विचारू नका.

तिसऱ्या आठवड्यात ती फॉर्मच्या नवव्या प्रश्नावर आली. रुग्णाला काय हवं आहे ते घरच्यांना कळायला किती वेळ लागतो? दोन रकाने होते. एक यंत्राचा, दुसरा पूर्वीच्या पद्धतीचा.

"पूर्वीची पद्धत म्हणजे मी," ताई मला फोनवर म्हणाली. "रविवारी ये. नीट मोजून लिहायचंय."

ती इथे जिंकणार हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. यंत्राला चाळीस सेकंद लागायचे आणि तिला दोन. नवव्या प्रश्नावर सवत पडली की बाकीच्या उणिवा होत्याच, टॅब परत जाणार. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच तर ती खुशीत होती.

चाचणीची रीत तिने कारखान्यातल्यासारखी पक्की बसवली होती. टॅबचा आवाज बंद. ताई भिंतीकडे तोंड करून बसणार. भाऊजींना जे हवं असेल ते त्यांनी टॅबवर दाबायचं, मी ते कागदावर लिहायचं आणि टॅब पालथा घालायचा. मग ताई वळणार, भाऊजी नेहमीसारखं "ता ता" म्हणणार, ती ओळखणार. तिने काय ओळखलं तेही मी लिहायचं आणि वेळही टिपायचा. असं वीस वेळा.

पहिल्यांदा त्यांनी पाणी दाबलं. ताई वळली, "पाणी," म्हणाली. दोन सेकंद. भाऊजींनी मान डोलवली.

दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, खिडकी उघड.

"खिडकी बंदच ठेवू ना? वारा लागतो तुम्हाला," ताई म्हणाली. भाऊजींनी मान डोलवली.

मला वाटलं माझंच वाचण्यात काही चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, पाठ खाजते. ताईने उशी सरळ केली. मान डोलली. चौथ्यांदा त्यांना मुलाला फोन लावायचा होता आणि ताईने टीव्ही लावला. मान पुन्हा डोलली, आणि ते टीव्हीकडे बघायलाही लागले.

खरं सांगते, त्या तिसऱ्या चुकीला मला आतून बरं वाटलं. इतकी वर्षं जे बघून माझा जळफळाट व्हायचा ते सगळं असं होतं तर! माझ्या घरी बोलणं नाही आणि हिच्या घरी ऐकणं नाही, मग हिची मान कशाला एवढी ताठ? आठव्या-नवव्या वेळेपर्यंत मला हे बरं वाटत होतं. नंतर मात्र भाऊजींचा चेहरा बघवेना, कारण मी काय लिहितेय ते त्यांना दिसत होतं.

अठराव्या वेळी ते खूप वेळ अक्षरं दाबत बसले. ताई भिंतीकडे बघतच म्हणाली, "बघ, किती वेळ लावते तुमची ती. हेही टिपून ठेव."

टॅबवर लिहिलेलं होतं, वीस सांग.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डावा हात छातीशी नेला, विनवणी करतात तसा. वीस म्हटलं तर टॅब जाणार, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. तीन आठवडे बोलायला मिळालं होतं त्या माणसाला. मुलाशी, दोस्तांशी, माझ्याशी. ते सगळं सोडून पुन्हा "ता ता" वर यायला तो तयार होता, का, तर आपल्याला नवऱ्याचं कळत नाही हे बायकोला कळू नये. त्या घटकेला मला ताईचा जेवढा हेवा वाटला तेवढा जन्मात कुणाचा वाटला नाही.

ते मी कागदावर लिहिलं नाही, टॅब पुन्हा त्यांच्यापुढे धरला, त्यांनी ते पुसून पंखा दाबला; ती वेळ आणि उरलेल्या दोन झाल्या. ताई खुर्ची ओढून समोर बसली, चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं.

"किती?"

"सात," मी म्हटलं.

मी खरं बोलले. पण खऱ्यासाठी बोलले असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तिने कागद मागितला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वाद घातला नाही, मला उलटसुलट विचारलं नाही. तेरा ओळींपुढे तेरा फुल्या मारल्या, परत मोजल्या आणि मग भाऊजींकडे वळली.

"मग मान का डोलवत होतात?"

भाऊजी टॅबला हात लावेनात. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आवाज चालू केला. मग ते एकेक अक्षर दाबायला लागले. ताई बघत राहिली. मधे एकदाही तिने त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. शेवटी तो बाईचा आवाज, ना रागाचा ना लोभाचा, म्हणाला, "पहिल्या महिन्यात मी नाही म्हणायचो. तू रडायचीस. मग मी हो म्हणायला लागलो."

"आणि ही खिडकी?" ताईने विचारलं. "ही कधीपासून उघडी हवी होती?"

त्याला टॅब लागला नाही. भाऊजींनी डाव्या हाताची चार बोटं वर केली.

ताई उठली. खिडकी उघडली. चार वर्षांत कडी गंजली होती, तिला दोनदा जोर लावावा लागला. मग परत येऊन तिने फॉर्म भरला, मी शेजारी बसून वाचत होते. यंत्र: चाळीस सेकंद, अचूक. पूर्वीची पद्धत: दोन सेकंद, विसात तेरा चुका. खाली बॅटरीचं, वजनाचं, उन्हाचं सगळं नीट लिहिलं, एकही उणीव गाळली नाही. शेवटी लिहिलं, यंत्र या घरी ठेवावे. सही केली.

दारापाशी मी विचारलं, राग आला का माझा? ताई म्हणाली, "तुझा कशाला? तू मोजलंस." मग हळूच, "चार वर्षं उकाड्यात बसला गं तो माणूस. मी रडू नये म्हणून."

तिचे डोळे भरले होते, पण आवाजात दुःखापेक्षा काहीतरी वेगळंच होतं. नवीन लग्न झालेल्या बायका नवऱ्याबद्दल बोलतात ना, तसं. आतून त्या बाईच्या आवाजात भाऊजींनी तिला हाक मारली आणि ती मला तशीच दारात सोडून आत गेली.

मी जिना उतरले. चार वर्षांत भाऊजींनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, तीही तिच्यासाठीच, आणि ती मी दिली नव्हती.