मुठीतला एक खडा

याकोब मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आधी माझं सांगून टाकतो. मी हाशिम, हिंगोलीकडच्या गोरेगावचा यारीवाला. विहीर खोदताना काठावर लोखंडी सांगाडा उभा करतात आणि इंजिनावर दोर ओढून खालचं दगडमातीचं डबर बकेटातून वर काढतात, ती यारी माझी. मी तोंडाचा फटकळ. कुणाचं कौतुक माझ्याच्यानं सहजासहजी होत नाही. माझी बायको कमरजहाँ म्हणते, हा माणूस सासरच्या दावतीतसुद्धा मीठ कमी आहे म्हणून उठला होता. तेव्हा मी एका माणसापुढे मान खाली घातली असं लिहितो, ते उगाच लिहीत नाही.

मिस्त्रींचं पूर्ण नाव याकोब लोखंडे. मूळचे जालन्याकडचे, ख्रिस्ती. काम सुरुंग लावण्याचं. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, आणि आयुष्यभर सुरुंगांच्या जवळ राहून डावा कान जवळजवळ गेलेला. चहात इतकी साखर घालायचे की चमचा उभा राहावा. पवित्र शास्त्राचं एक छोटं पुस्तक युरियाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून जवळ ठेवायचे. भजनं म्हणायचे, पण सूर असा लागायचा की काठावरची बकरी उठून दुसरीकडे जायची. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसले आणि पुढचं कडवं सुरू केलं.

दोन गोष्टींवरून मला त्यांचा राग यायचा. एक म्हणजे रविवारी काम बंद. सकाळच्या जीपनं ते हिंगोलीला प्रार्थनेला जायचे. शुक्रवारी दुपारी मी नमाजला जायचो आणि अमावास्येला खोदणारी माणसं कुदळीला हात लावत नसत. अशानं विहीर खोल जाणार कधी, असं मी ओरडायचो, माझा शुक्रवार सोयीनं विसरून. दुसरी गोष्ट म्हणजे ते कधी 'पक्कं' म्हणायचे नाहीत. पाणी लागेल का विचारलं की "बघू." खडक किती राहिला विचारलं की "हाय थोडा, नसंल बी." अरे, चाळीस वर्षं सुरुंग लावणाऱ्या माणसाला काहीतरी पक्कं माहीत असायला हवं की नाही?

ही गोष्ट २००४ च्या उन्हाळ्यातली. पुसेगावच्या पलीकडे एका बंजारा तांड्यावर आम्ही विहीर खोदत होतो. तांड्याला तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, तोही आला तर. फुलसिंग नावाच्या पस्तिशीच्या गड्यानं आपल्या शेताचा कोपरा साऱ्या तांड्याच्या विहिरीसाठी सोडला होता. तांड्याचा नाईक पेमा म्हणजे सत्तरीचा कडक म्हातारा. त्यानं पहिल्याच दिवशी मिस्त्रींना विचारलं, "आमचा धरम बाटवाया तर आले न्हाई ना तुमी?"

"विहीर खांदाया आलो, नाईक," मिस्त्री म्हणाले. "जेवण तुमच्याच हातचं घेईन. रोज प्रार्थना मात्र करीन, ती माझी मला लागते."

नाईकाला जेवणाची अट पटली असावी. पुढं त्यानं तो विषय काढला नाही.

आता मिस्त्रींच्या रिवाजाबद्दल. खडकात जितकी भोकं पाडून दारू भरली, तितके खडे प्रत्येकानं मुठीत घ्यायचे. वाती पेटवून मिस्त्री वर आले की सगळ्यांनी दूर बांधामागं पालथं पडायचं. वाती ते कमीजास्त लांबीच्या कापत, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडावेत. एक उडाला की एक खडा टाकायचा. शेवटी सगळ्यांनी मुठी उघडायच्या. एकाच्याही मुठीत खडा उरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहिरीत कुणी उतरायचं नाही. आणि मुठी रिकाम्या असल्या तरी पहिले उतरणार मिस्त्रीच. "माझा कान अर्धा," ते म्हणायचे, "म्हणून तुमच्या सगळ्यांचे कान मला लागतात." बायामाणसं, म्हातारी, सगळी मोजायची. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटला.

त्या दिवशी सात परस, म्हणजे चाळीसेक फूट खोलीवर आठ सुरुंग होते. काळ्या पाषाणात आदल्या दिवसापासून ओल दिसत होती, त्यामुळे तांडा सकाळपासूनच बेभान. पेमा नाईकानं होळीचा नगारा काढून बांधामागं आणून ठेवला होता. पहिलं पाणी दिसलं की नगारा वाजवायचा, आणि ज्याचं शेत त्यानं ते पाणी लोट्यात भरून तांड्याचा देव सेवाभाया, त्याच्या ओट्यावर न्यायचं, असं ठरलेलं. फुलसिंगच्या कमरेला पितळी लोटा कालपासूनच बांधलेला होता.

दुपारचे चार वाजले असतील. एक उडाला, दोन, तीन, पाच, सहा. सातव्याला नुसता दगड उडाला नाही, काळा चिखल उडाला. ओला, चकाकणारा चिखल. बांधामागून एकच किंकाळी फुटली, बाया उठून उभ्या राहिल्या, आणि पेमा नाईकानं दोन्ही हातांनी नगारा बडवायला घेतला. आठवा त्या नगाऱ्यात उडाला की उडालाच नाही, हे कुणालाही कळलं नाही.

मिस्त्री हात वर करून ओरडत होते, "थांबा! मुठी! मुठी उघडा!" ऐकणार कोण? नगारा थांबेपर्यंत फुलसिंग विहिरीपाशी पोचला होता. आम्ही बघतच राहिलो आणि तो दोराच्या शिडीवरून खाली दिसेनासा झाला.

मग मुठी उघडल्या. कितीतरी मुठी रिकाम्या होत्या, चिखल बघून नाचण्यात खडे कधीच सांडले होते. फुलसिंगची बायको रूपाबाई, तिच्या मुठीत एक खडा. मिस्त्रींच्या मुठीत एक. माझ्या मुठीत दोन, कारण घाबरून मी एकदा टाकायलाच विसरलो होतो. रूपाबाई आपल्या तळहाताकडं बघत होती. मला ते बघवेना.

तेवढ्यात खालून फुलसिंगची हाक आली. डबर घसरलं होतं आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत दगडांत अडकला होता.

काठावर जो तो ओरडायला लागला. कुणी म्हणे जोर लावून पाय उपस आणि पळ, वात अजून जळत असेल. कुणी म्हणे हलू नको, दगड सरकला की उडेल. दोघांचंही खरं असू शकत होतं. पेमा नाईक नगाऱ्यापाशी बसून कपाळ बडवून घेत होता, "माज्या हातानं घात केला, माज्या हातानं!" मी इंजिनाकडं धावलो, तर मिस्त्रींनी माझा दंड धरला.

"इंजन नको, हाशिमभाई. काठ हादरंल. बकेट हातानं सोडा, हातानंच वढा. नाईक, तुमी उठा. रडाया मग बसू, आता दोर धरा. रूपाबाई, तू बी ये. त्याला तुजा आवाज ऐकू येऊ दे."

इतकं सांगून मिस्त्रींनी चपला काढल्या आणि काठापासून दोन हात अंतरावर गुडघे टेकले.

माझं डोकंच फिरलं. माणूस खाली मरतोय आणि हे प्रार्थना करून राहिले! चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल, पण मला तो तासाएवढा वाटला. ते उठले तेव्हा मी सगळ्यांसमोर बोललो, बोलायला नको ते बोललो.

"झालं बोलणं? मग काय म्हनला तुमचा देव? सात उडाले का आठ?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. ओठ मात्र पांढरे पडले होते. मला तेव्हाच कळलं की हा माणूस माझ्याइतकाच घाबरलेला आहे.

"ते न्हाई सांगितलं त्यानं," ते म्हणाले. "म्हनला, चल, मी येतो."

आणि ते शिडीला लागले.

पुढचं मी काठावर पालथं पडून पाहिलं. मला पळता आलं असतं. पाय पळायला तयारच होते, खोटं कशाला सांगू. पण हातात दोर होता आणि मागं पेमा नाईक, रूपाबाई, वीसेक माणसं त्याच दोराला लागली होती. ज्या माणसानं आम्हांला दोर धरायला सांगितलं तो माणूस खाली उतरत होता. दोर सोडायचा कसा?

खाली उतरल्यावर मिस्त्री लगेच फुलसिंगकडं गेले नाहीत. आपण कुठं कुठं भोकं पाडली होती ते आठवून, एकेक जागा बघून, अनवाणी पाय टाकत निघाले. आणि तोंड चालू. "फुलसिंग, तुजी म्हैस व्याली का रे?... काय झालं, रेडा का पारडी?... मंग पेढे काहून दिले न्हाई मला?" सात परस खाली, दारूच्या धुरात हा माणूस पेढे मागत होता. फुलसिंगचा आवाज आधी रडका, मग तुटक, मग हळूहळू माणसासारखा होत गेला. "देतो मिस्त्री, शेरभर देतो," तो म्हणाला. रूपाबाई वरून ओरडली, "दोन शेर देऊ, मिस्त्री!"

पहार वापरली नाही. लोखंड दगडावर आपटायला नको म्हणून ते हातानं एकेक दगड उचलून बाजूला ठेवत होते, निजलेलं लेकरू उचलावं तसे. एका दगडापाशी त्यांचा हात थांबला. थोडा वेळच थांबला. मग त्यांनी तो दगड तसाच राहू दिला आणि दुसऱ्या बाजूनं काढायला लागले. बोलणं तुटलं नाही, आवाजही बदलला नाही. आता ते म्हशीचं दूध किती निघतं ते विचारत होते.

पाय सुटला. आम्ही बकेट सोडली. दोघं मावली असती, पण मिस्त्रींनी एकट्या फुलसिंगला बसवलं. "वढा, दमानं." आम्ही ओढत होतो, दोर तळहात सोलत होता, आणि खालून मिस्त्रींचं भजन ऐकू यायला लागलं. तोच फाटका सूर. देवाशप्पथ सांगतो, त्याच्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही. तो आवाज येतोय म्हणजे माणूस आहे, एवढंच मला कळत होतं.

फुलसिंग वर आला. रूपाबाईनं आधी त्याला एक ठेवून दिली आणि मग गळ्यात पडली. शेवटी शिडीवरून मिस्त्री आले, एका हातात फुलसिंगचा पितळी लोटा. तो खाली पडला होता. गढूळ का होईना, पाण्यानं काठोकाठ भरलेला. ते पाणी त्यांनी पेमा नाईकाच्या हातात दिलं.

"तुमच्या ओट्यावर न्या," ते म्हणाले. "आज उशीर झाला, पन न्या."

नाईक लोटा घेऊन उभाच राहिला. मग तो भर तांड्यासमोर वाकला आणि त्यानं त्यांचे पाय धरायला हात पुढं केला. मिस्त्रींनी त्याला वरच्यावर धरलं. नगारा त्या दिवशी पुन्हा वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री एकटे उतरले आणि तासाभरानं आठवा सुरुंग घेऊन वर आले. वात जळत जळत अर्ध्यात विझलेली. तो कुठं सापडला हे त्यांनी सांगितलं नाही, पण मी वरून पाहत होतो. ज्या दगडापाशी त्यांचा हात थांबला होता, त्याच्याच खाली तो होता. म्हणजे काल त्यांनी तो पाहिला होता. पाहिला, आणि म्हशीचं दूध विचारत राहिले. मी यारीच्या पायाला धरून खाली बसलो. 

विहिरीला पाणी लागलं. पुढच्या चार वर्षांत आम्ही मिळून कितीतरी विहिरी खोदल्या. तांड्यावरचं कुणी ख्रिस्ती झालं नाही, मीही झालो नाही, आणि मिस्त्रींनी कधी कुणाला व्हा म्हटलं नाही. पण त्यांनी गुडघे टेकले की मी इंजिन बंद करायचो. मुठीत खडे सगळ्यात आधी मी घ्यायचो.

२००९ साली त्यांना हिंगोलीत भेटायला गेलो. रेल्वे स्टेशनच्या मागं एका खोलीत राहायचे. मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा, उजवा कानही आता डाव्याच्या वाटेला लागलेला. चहात साखर तेवढीच. कितीतरी वर्षं मनात असलेला प्रश्न मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारला.

"मिस्त्री, त्या दिवशी वर जिते येऊ, हे तुमाला पक्कं ठाऊक होतं का?"

त्यांनी चाचपत चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माजा धाकटा भाऊ होता. शमुवेल. माज्या हाताखाली काम करायचा. ब्याण्णव साली एका विहिरीवर पाच सुरुंग लावले. मी एकटाच मोजून राहिलो होतो. त्यानं इचारलं, दादा, पाची उडाले? मी म्हनलो, पक्कं. आन तो उतरला."

बाहेर मालगाडी गेली. ती जाईपर्यंत ते थांबले. त्यांना ती ऐकू आली नसणार, पण खोली हादरत होती.

"आयुष्यात तेवढ्याच दिवशी मला पक्कं ठाऊक होतं, हाशिमभाई. तवापासून काय होनार हे मी प्रभूला इचारत न्हाई. एवढंच मागतो, की आदी मला उतरू दे."