बशीतला चहा

आई बशीत चहा ओतते आणि तो निवायची वाट बघत बसते. फुंकर घालण्याइतका दम आता तिच्या छातीत नाही.

फुप्फुसाची सूज वाढवणाऱ्या एन्झाइमला अडवेल असा रेणू आम्ही प्रयोगशाळेत घडवतो आहोत. आजचा रेणू परीक्षानळीत एन्झाइमला घट्ट चिकटला. उंदराच्या यकृताने मात्र फुप्फुसात पोचण्याआधीच त्याचे तुकडे केले. आता पुन्हा एखादा अणू बदलायचा, पुन्हा मोजायचं. आकडे सुधारतात, पण माणसाचा दम त्याहून लवकर संपतो.

“झालं का रे तुझं औषध?” आईने विचारलं.

“नाही अजून.”

“असू दे. तोवर चहा तरी निवेल.”

ती हसली आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली. मी बशी माझ्याकडे ओढली आणि हळूच फुंकर घातली.