धारणकरांचे पत्ते

धारणकर साहेब ऑफिसात कुणालाही नावाने हाक मारत नसत. ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरला त्यांनी दिलेल्या पत्त्याचा शेवटचा आकडा, हेच त्या माणसाचं नाव. मी एकतीस होते. रुजू झाले त्या दिवशी मी माझं नाव-गाव सांगायला लागले, तर मान वर न करता ते म्हणाले, "देवळा? म्हणजे कांद्याच्या चाळीतून थेट नेटवर्कमध्ये?" शेजारचे दोघे हसले. "बसा, एकतीस." तेव्हापासून मला हा माणूस आवडला नाही, आणि पुढे आवडावा असं त्यांनी काही केलंही नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. नाशिकमध्ये, द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर आमचं ऑफिस होतं. तार न ओढता, गच्चीवर छोटी अँटेना बसवून इंटरनेट द्यायचं हा आमचा धंदा. शहरात आणि बाहेर वणी, देवळ्यापर्यंत आमचे टॉवर होते. अशा जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. धारणकर येण्याआधी ज्याला जो सुचेल तो पत्ता देत. एकच पत्ता दोघांकडे गेला की दोघांचंही नेट बंद पडे, आणि मग कुठला पत्ता कुणाकडे आहे हे शोधत माणसं गच्च्या पालथ्या घालत. धारणकरांनी ते सगळं मोडून नव्याने मांडलं. प्रत्येक टॉवरला आकड्यांची स्वतःची पट्टी, त्यात यंत्रांचे पत्ते वेगळे, गिऱ्हाइकांचे वेगळे, आणि पुढच्या वाढीसाठी मोकळी जागा. नुसता आकडा ऐकून ते टॉवरचं नाव सांगत. इतका स्वच्छ आराखडा मी आजवर पाहिलेला नाही. हे खरं आहे म्हणून लिहिते, कौतुक म्हणून नाही.

हे झाले आतले पत्ते, ते हवे तितके वापरता येत. बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते मात्र कंपनीकडे मोजकेच होते. बहुतेक गिऱ्हाइकं मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरत. त्यावरून त्यांना बाहेरचं सगळं पाहता येई, पण बाहेरून कुणाला त्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचता येत नसे. ज्याला तशी गरज असे त्याला स्वतंत्र पत्ता लागे, आणि तो कुणाला द्यायचा हे धारणकर ठरवत. "पत्ता मागायचा नसतो, मिळायचा असतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. अंबडच्या कारखान्यांना, कॉलेज रोडच्या बिल्डरांना तो मिळे. बाकीच्यांना ते इतक्या आनंदाने नाही म्हणत, की नकार देण्यासाठीच ते सकाळी दाढी करून येत असावेत असं मला वाटे.

वणीला डॉक्टर निकमांचं लहानसं हॉस्पिटल होतं. नाशिकमधले हाडांचे एक सर्जन त्यांचे मित्र. वणीला काढलेला एक्स-रे सर्जनांनी आपल्या दवाखान्यात बसून पाहायचा आणि फोनवर सल्ला द्यायचा, अशी त्या दोघांनी योजना केली होती. त्यासाठी वणीच्या कॉम्प्युटरला स्वतंत्र पत्ता हवा होता. मी तो मागितला. धारणकरांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारलं, "वणीला कशाला? देवीला मेल पाठवायचाय?" मी सरळ मालकांकडे गेले. मालकांनी द्या म्हणून सांगितलं. धारणकरांनी पत्ता दिला आणि नंतर कित्येक दिवस माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलले. व्यवस्था मात्र सुरेख चालली. डॉक्टर निकम अधूनमधून फोन करून सांगत, आज अमक्याची नाशिकची फेरी वाचली.

चैत्रातली सप्तशृंगीची यात्रा आली. त्याच सुमारास एका कारखान्याने सलग पत्त्यांचा गट मागितला. तसा गट करायला वणीचा पत्ता मधे येत होता. धारणकरांनी तो काढून घेतला. डॉक्टरांना कळवलं नाही, मलाही नाही.

यात्रेच्या गर्दीत सुरगाण्याकडची एक मुलगी जीपच्या मागच्या पायरीवरून पडली. यमुना तिचं नाव. कोपराच्या वर हाड मोडलं होतं आणि मनगटाची नाडी लागत नव्हती. डॉक्टर निकमांचा मला फोन आला. सर्जन तिकडे बसलेत, पण एक्स-रे उघडत नाही, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी तपासलं तेव्हा पत्ता गेल्याचं कळलं. मुख्य यंत्राचा पासवर्ड एकट्या धारणकरांकडे असे. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं. मुलगी, हात, नाडी. थोड्या वेळापुरता पत्ता परत द्या, असं म्हटलं.

"तो आता वणीचा नाही."

"सर, लहान मुलगी आहे."

"आराखडा मुलं बघून करत नाहीत. सोमवारी अर्ज द्या."

मी त्यांचा कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि पासवर्ड सांगा म्हणाले. त्यांनी त्यावर पालथा हात ठेवला आणि भिंतीकडे बघत बसून राहिले. मी मालकांना फोन लावत राहिले, तो लागला नाही. तिकडे डॉक्टर निकमांनी वाट पाहणं सोडलं, हाताला आधार बांधून मुलीला जीपमध्ये घातलं. यात्रेच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. जीप नाशिकला पोचेपर्यंत रक्त न मिळून हाताचे स्नायू मेले होते. सर्जनांनी हात वाचवला, बोटं मात्र आत वळली ती वळलीच. फोटो दिसला असता तर हाड वणीलाच कसं ओढून बसवायचं ते सांगता आलं असतं, असं सर्जन नंतर मला म्हणाले.

मी मालकांकडे लेखी तक्रार केली. मालकांनी दोघांना समोर बसवलं. धारणकरांनी आराखड्याचे कागद टेबलावर पसरले आणि मला म्हणाले, "यात चूक दाखवा." चूक नव्हती. पत्ते काढून घ्यायचा अधिकार त्यांचा होता, गट नियमाप्रमाणे केला होता, सगळं जिथल्या तिथे होतं. मालक खाली बघून म्हणाले की यांच्याशिवाय आपलं जाळं चालायचं नाही. बाहेर जिन्यात धारणकर मला म्हणाले, "भावना घरी ठेवून यायचं, एकतीस." मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. निघण्यापूर्वी वणीला पुन्हा स्वतंत्र पत्ता मिळेल एवढं मालकांकडून वदवून घेतलं, आणि तो मिळालाही, पण दुसऱ्या आकड्याचा.

गेल्या वर्षी जुन्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला, धारणकर गेले म्हणून. साहेबांची शिस्त, साहेबांची बुद्धी, असं तो बराच वेळ बोलत होता. शोकसभेत तुम्हीही दोन शब्द बोला, म्हणाला. मी नाही म्हटलं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं हे मला माहीत आहे. म्हणून मी गेलेच नाही.

फोन ठेवल्यावर मला यमुनेचे वडील आठवले. नोकरी सोडल्यावर मी वणीला गेले होते, तेव्हा ते पट्टी बदलायला तिला घेऊन आले होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. माणूस रागावलेला नव्हता, त्याला फक्त नीट कळून घ्यायचं होतं. मुलगी बाकावर बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं उलगडून पाहत होती.

"ताई," त्यांनी विचारलं, "तो नंबर कुणाला दिला मग?"

"एका कारखान्याला."

"त्यांचं लय अडलं व्हतं का त्याच्यावाचून?"

नोकरी सोडायच्या आदल्या दिवशी मी ते पाहून घेतलं होतं. कारखान्याने गटातला पहिला पत्ता वापरायला घेतला होता, पुढच्यांना हातही लावला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "तो रिकामाच पडलाय."