पहिला फोन न उचलणाऱ्या आक्का

आक्का पहिला फोन कधीच उचलायच्या नाहीत. फोन समोर पडलेला असायचा, पडद्यावर पुण्यातल्या थोरल्या मुलाचं नाव दिसत असायचं आणि आक्का निवांत शेंगा सोलत बसायच्या. रिंग थांबली की म्हणायच्या, "पहिल्या फोनला लेकरू गडबडलेलं असतंय. दुसरा येऊस्तोर निम्मं त्याचं त्यालाच सुचतंय." आणि खरंच, पुष्कळदा दुसरा फोन यायचाच नाही.

आक्का म्हणजे नांदेडमधल्या माझ्या घरमालकीण. मूळच्या देवणीच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि बोलण्यात मधूनच कानडी. एखादी गोष्ट पुरे झाली असं वाटलं की हात उभा करून "साकु!" म्हणायच्या, त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. मला बढती मिळाली ती नांदेडच्या बदलीसकट. नवरा लातूरला शाळेत शिक्षक, लेक ओवी पाचवीत. त्या दोघांना तिथंच ठेवून मी दीड वर्षासाठी आक्कांची वरची खोली घेतली.

मी मात्र दहाव्या फोनची आई होते. डबा खाल्लास का, वेणी कुणी घातली, गृहपाठ झाला का, पाण्याची बाटली परत आणलीस का. महिनाभरात ओवी फोनवर यायचीच बंद झाली. "झोपलीय ती," नवरा सांगायचा आणि मागून तिचाच आवाज यायचा, "पप्पा, नीट सांगा की, झोपलेय म्हणून!"

ती फोनवर येत होती तेव्हाच एकदा आक्का जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "काय करायलीस गं पोरी? आई हायस का हजेरी घेणारी बाई? तू इचारतीस, ती हाव म्हणती. त्यातनं तुला तिचं काय कळतंय?" मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्या गरम धपाटे वर आणून ठेवून गेल्या.

मग एका बुधवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. ओवी सायकलवरून पडली होती, हनुवटीला तीन टाके पडले होते. पडली होती सकाळीच. टाके घालून, घरी आणून, दूध-बिस्किटं देऊन मग त्यानं मला कळवलं. "तू तिकडं उगाच घाबरली असतीस," म्हणाला. मी आक्कांना दारातूनच सांगून खोलीवर गेले, पिशवी उचलली आणि खाली आले, तर आक्का चपला घालून तयार. "थांब, मी बी येते."

एस.टी.त बसल्याबरोबर मी म्हणाले, "उद्याच अर्ज देते. नको मला बढती." लोहा आलं. मग आक्का बोलायला लागल्या. "माझा पाय मोडला तवा उदगीरला बहिणीकडं दोन महिने पडून होते. हिकडं दोघं पोरं आन् मालक. वाटलं, उपाशी मरतेत. आले तर थोरला वरणाला फोडणी देत होता. बरी देत होता. मला काय वाटलं सांगू? आनंद न्हाई झाला गं. राग आला. दोन दिवस तोंड पाडून बसले. मला वाटायचं, मी पोरांसाठी रडायले. मी माझ्यासाठीच रडत होते."

अहमदपूर कधी मागं पडलं ते कळलंही नाही.

घरी ओवी पलंगावर राणीसारखी बसली होती. "सायकल कुणी दिली तुला रस्त्यावर—" मी तोंड उघडलं आणि आक्कांचा हात वर गेला. "साकु! ऐक की आधी."

मी ऐकलं. ओवीची गोष्ट चांगली वीस मिनिटं चालली. त्यात एक कुत्रं होतं, एक खड्डा होता, ओढणी फाडून देणारी एक कॉलेजची ताई होती. डॉक्टरांनी विचारलं, "आई कुठाय?" तर ही म्हणाली, "आई नांदेडला साहेब आहे. तुम्ही घाला टाके, मी रडत नाही." आणि मग थोडी रडली, असंही तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. समोर बसलेली ही मुलगी मला नवीनच होती. दहा वर्षांत तिचं बोलणं मध्ये न तोडता मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अर्ज लिहिला गेला नाही. त्यानंतर मी फोनवर एवढंच विचारायची, "आज काय झालं?" आणि गप्प बसायची. गप्प बसणं फार अवघड होतं. पण ओवी मला पुरून उरेल इतकं बोलायला लागली. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी मी स्कूटी शिकले. आक्का मागं बसून गुरुद्वाऱ्याच्या गर्दीतून रस्ता दाखवायच्या आणि आडवे येणाऱ्या ऑटोवाल्यांना माझ्या वतीनं झापायच्या.

दीड वर्षानं परत लातूरला बदली झाली. सामान बांधायला नवरा आणि ओवी आले होते. आक्का दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांना असं रिकाम्या हातानं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ओवीला म्हणाल्या, "चाललीस का आईला घेऊन?"

"हाव," ओवी त्यांच्याच सुरात म्हणाली. "पण सुट्टीत पाठवत जाईन."

आणि ती खरंच पाठवते. आता दहावीत आहे, तरी मे महिना आला की माझी बॅग तीच भरते आणि बसस्टँडवर मला सोडायला येते. यंदा मी पोचले तेव्हा आक्का अंगणात खाटेवर बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी आधी विचारलं, "किती दिवसांची सुट्टी दिली लेकीनं?"

"चार."

"एवढ्यात काय होतंय? दोन वाढवून माग."