पाऊण मिनिटाचं रडू

विलास गेल्याचं माझ्या मुलीला माझ्या आधी चौघांनी कळवलं होतं. त्यात विलासची सख्खी पुतणीसुद्धा होती. पूर्वानं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "फोटो भेज." गेलेल्या माणसाचा फोटो मागते म्हणून सगळे तिच्यावर भडकले. मग साडेनऊच्या सुमाराला इंदूरहून तिचा मला फोन आला. "मम्मी, हे लोक सांगून राहिलेत, विलासमामा गेला. सच में?" मी म्हटलं, "हो बेटा. सकाळी. झोपेतच गेला." "बस्स, तू सांगते ना, मग खरं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. एकवीस वर्षांची नोकरी करणारी मुलगी, पण दुनियेतल्या कुणाच्याही तोंडच्या शब्दावर तिचा भरवसा नाही... एक माझा शब्द सोडून. आणि तिला असं करून ठेवणारा माणूस त्या दिवशी शनवाऱ्यातल्या आपल्या घरी पांढऱ्या चादरीखाली निवांत पडला होता.

वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी मला 'चार आठवणी' लिहायला सांगितल्या. मावसबहीण म्हणून. "बालमनाचा एवढा जाणकार दिग्दर्शक आपल्या बऱ्हाणपूरचा, तुम्ही जवळून पाहिलेला..." असं ते फोनवर म्हणाले. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, मी लिहीन, पण हारतुरे माझ्याकडून होणार नाहीत. ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलतेय.

विलास माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. शनवाऱ्यात त्याचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं, आणि त्या धंद्यात त्याला एक वाईट खोड लागली. कुणी रडलं की याला चेव यायचा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडून रडली आणि हा म्हणतो, "ताई, मध्ये काकांचं डोकं आलं, आणखी एकदा." पोरगी गाडीतून उतरून पुन्हा आईच्या गळ्यात पडली. दुसऱ्यांदा थोडं रडू आलं. तिसऱ्यांदा दोघी मायलेकी फिदीफिदी हसायला लागल्या, तर हा त्यांच्यावरच चिडला. आम्ही सगळ्यांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. आज वाटतं, त्याच दिवशी त्याच्या हातातला कॅमेरा काढून घ्यायला हवा होता.

मग त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. युद्धाचा. कुठल्या देशाचं युद्ध, कोण कुणाशी लढतंय, यातलं काहीही त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. गोष्ट एवढीच, की एका खेड्यातली आठ वर्षांची मुलगी आजोबांबरोबर राहते, शिपाई येतात, आजोबांना घेऊन जातात, ती रोज वाट बघते आणि एक दिवस एक शिपाई तिला सांगतो की आजोबा मेले. ती रडते, आणि त्या रडण्यानंतर ती लहान राहत नाही. जवळच्या चांदनी गावाला, स्टेशनापासून थोडं आत, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत त्याचं शूटिंग लागलं. शिपाई म्हणून पॉवरलूमवरची माणसं, हेल्मेट म्हणून अर्धे कापून हिरवे रंगवलेले प्लास्टिकचे हंडे. जवळून पाहिलं तर हसू यायचं. पडद्यावर मात्र ते खरे वाटले, हे मान्य करते. त्याचे डोळे चांगले होते. मन कसं होतं ते सांगतेच आहे. मुलीचं काम त्यानं माझ्या पूर्वाला दिलं. ती तेव्हा आठ वर्षांची, दिवाळीची सुट्टी, घरात सगळे खूष. सगळ्यात खूष माझे वडील. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, पूर्वासुद्धा. ती त्यांच्याच ताटात जेवायची, त्यांच्याच कुशीत झोपायची. ते रोज विचारायचे, "काय गं हिरोईन, आज किती लढाई झाली?"

त्या रडण्याच्या दिवशी मी सकाळी पूर्वाला चांदनीला सोडून घरी आले. चार वाजता घ्यायला गेले तेव्हा पोर बाजेवर आडवी पडली होती. डोळे सुजलेले, आवाज पार बसलेला, हुंदकासुद्धा फुटत नव्हता. विलासनं तिला सांगितलं होतं की नाना गेले. सिनेमातले आजोबा नव्हेत, तिचे नाना, राजपुऱ्यातल्या घरातले. अकरा वाजता सांगितलं होतं, आणि चारपर्यंत 'ते खोटं होतं' असं सांगितलं नव्हतं. उन्हाची तिरीप हवी होती म्हणे, मग जवळून एक, मग लांबून एक... मी तिला छातीशी घेतलं, "अगं नाना घरी आहेत, चहा पिताहेत, खोटं बोलला हा," असं ओरडून सांगितलं, आणि त्या सगळ्या हंडेवाल्या शिपायांसमोर विलासला नाही नाही ते बोलले. तुझ्या घरात कुणी मेलं की मी कॅमेरा घेऊन येईन, असंही बोलले. तो मान खाली घालून उभा होता. एक अक्षर बोलला नाही. त्या दिवसापासून तेरा वर्षं मी त्याच्या घराची पायरी चढले नाही.

सिनेमात ते रडू सगळं मिळून पाऊण मिनिट आहे. पाच तास रडवून पाऊण मिनिट! पण त्याच पाऊण मिनिटावर लोक जीव टाकतात. कुठेकुठे दाखवला, बक्षीस मिळालं, इथल्या हॉलमध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शोकसभेतही एका वक्त्यानं तेच सांगितलं, की एवढ्याशा मुलीकडून असा खरा अभिनय काढणं येरागबाळ्याचं काम नव्हे. मी मागच्या रांगेत बसले होते. उठून सांगावंसं वाटलं, की बाबा रे, त्यात अभिनय कुठे आहे?

त्यानंतर तीन वर्षांनी नाना खरोखर गेले. पूर्वा अकरा वर्षांची. घरात माणसं जमली, बायकांनी मला धरून खाली बसवलेलं, आणि शेजारच्या काकू तिला सांगायला गच्चीवर गेल्या. ती हसली. "कॅमेरा कुठंय?" म्हणाली. काकूंनी हात धरून खाली आणायचा प्रयत्न केला तर तिनं त्यांना बाहेर ढकलून गच्चीच्या दाराला आतून कडी लावली. तिच्या बापानं वर जाऊन दार ठोठावलं, त्याचंही ऐकलं नाही. शेवटी मी वर गेले. दाराबाहेरून एकदाच म्हटलं, "पूर्वा, नाना गेले गं." लगेच कडी निघाली. पण तोपर्यंत नानांना राजघाटाकडे नेलं होतं. ज्या माणसाच्या ताटात ती जेवली त्याचं शेवटचं दर्शन तिला मिळालं नाही. मला घट्ट धरून ती म्हणाली, "मम्मी, तू आधी का नाही आली? तू सांगितलं असतं तर मी मानलं असतं." याबद्दल मी विलासला कधी क्षमा केली नाही आणि आता करायला तो नाही.

इथवरचं सगळं मी गेली तेरा वर्षं कुणीही विचारलं की सांगत आले आहे. पुरवणीतही इथेच थांबता आलं असतं.

विलासच्या तेराव्याला मी गेले. पूर्वाही इंदूरहून आली होती. जेवणं व्हायची होती, तेव्हा सुनंदावहिनींनी मला हळूच दुकानावरच्या खोलीत नेलं. त्याची कामाची खोली. कॉम्प्युटर, खुर्चीवर बसून बसून चपटी झालेली उशी, आणि टेबलावर एक हार्ड डिस्क. वहिनी म्हणाल्या, "ताई, हे फक्त तुम्हाले द्यायचं म्हणून बजावून ठेवलं होतं त्यांनी. पूर्वाले दाखवू नका म्हणे." त्या खाली गेल्या. मी ती लावून पाहिली. आत काय असणार हे मला त्या क्षणी कळलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

पडद्यावर चांदनीची ती केळीची बाग होती, आणि रिकामी बाज. चौकटीत माणूस कुणी नाही. कॅमेरा नुसताच चालू राहिलेला. आणि आवाज दोन, एक विलासचा आणि एक माझा.

आता खरं सांगते. शूटिंगच्या आठवड्यात नाना अंगणात ऊन खात बसले होते आणि एक कावळा त्यांच्या डोक्यावर येऊन बसला. आमच्याकडे हे फार वाईट मानतात, माणूस फार दिवस काढत नाही म्हणतात. त्यावर तोडही आहे : तो माणूस गेला अशी खोटी खबर जवळच्या कुणाला द्यायची, त्यानं खरी आसवं गाळली की मरण टळतं, आणि मग मागोमाग खुशालीचा निरोप पाठवायचा. नाना स्वतः हसले होते. "बसू दे ना, त्याले काय माहीत टोपी कोणाची," म्हणाले. पण मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. मी विज्ञान शिकवते. वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. कुणाला सांगणार? तरी दोन मावश्यांना फोन करून पाहिले. दोघींनी रडण्याऐवजी विचारलं, "काय गं, कावळा बसला का?" मोबाइल आल्यापासून सगळे शहाणे झालेत. खरी आसवं गाळील असं माझ्या ओळखीत एकच माणूस उरलं होतं, आठ वर्षांचं.

त्या सकाळी पूर्वाला सोडायला गेले तेव्हा मी विलासला काय सांगितलं, ते त्या डिस्कमध्ये आहे. "तुला रडणारी मुलगी पाहिजे ना? मग तिला सांग, नाना गेले म्हणून." विलास म्हणतो, "ताई, नको ना. लहान लेकरू आहे. मी तिले कांदा लावतो डोळ्याले, होऊन जाईल." आणि मी म्हणते, "कांद्याच्या रडण्यानं काय होतं? खरं पाहिजे." मग नुसती केळीची पानं हलताना दिसतात... मग पुन्हा माझा आवाज, "आणि माझं नाव काढू नको. कधीच. रडली की लगेच सांगून टाक." विलास म्हणतो, "बरं."

त्यानं लगेच सांगितलं नाही. पाच तास घेतले, ते त्याचे. त्या पाच तासांसाठी माझा राग आजही तसाच आहे, मरणानं तो कमी झालेला नाही आणि मला तो कमी करायचाही नाही. उजेड चांगला पडला म्हणून पोरीचा जीव टांगून ठेवणाऱ्या माणसाला मी मोठा कलावंत म्हणणार नाही. पण 'कधीच' हा शब्द मात्र त्यानं पाळला. मी शिपायांसमोर त्याची लाज काढत होते तेव्हा पाळला, नानांच्या वेळी पूर्वा गच्चीत कोंडून बसल्याचं ऐकलं तेव्हा पाळला, सगळी भावंडं त्याला टाकून बोलायला लागली तेव्हाही पाळला. याचाही मला रागच आला. एकदा जरी तोंड उघडलं असतं त्यानं, तर मला इतकी वर्षं या खोटेपणात सुखानं राहता आलं नसतं.

मी डिस्क काढून पर्समध्ये टाकणार, एवढ्यात पूर्वा दारात. "मम्मी, खाली सब वाट पाहून राहिलेत. काय बघते?" काही नाही, असं म्हणून बटण दाबायला एक बोट पुरे होतं. ती मला दुसरा प्रश्न विचारणार नाही हे मला माहीत होतं. माझं 'काही नाही' तिला पुरलं असतं... म्हणूनच ते तोंडातून निघेना. मी उठले आणि खुर्ची तिला दिली.

तिनं ते दोनदा ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. तिनं पडद्याकडे बघतच विचारलं, "मामानं कभी सांगितलं नाही?"

"नाही."

"तेरा साल?"

"हो."

"आणि मी त्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालासुद्धा नाही आली." एवढं बोलून ती खाली गेली. पंगतीत ती माझ्या शेजारी बसली नाही. सुनंदावहिनींच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि त्यांना घास जाईना तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. संध्याकाळच्या गाडीनं इंदूरला परत गेली. मला नमस्कार केला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. पूर्वा एक दिवसाआड फोन करते, पूर्वीसारखाच. परवा दुपारी केला. जेवलीस का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, जेवले. आया म्हणतातच तसं. ती म्हणाली, "ताट दाखव."

इतकी वर्षं हे ती जगाला म्हणायची. मला पहिल्यांदाच म्हणाली. मी व्हिडिओ लावला. ओट्यावर भांडी घासून पालथी घातलेली होती, ताट कोरडं होतं आणि पोळ्यांचा डबा उघडलासुद्धा नव्हता. ते सगळं तिला दिसलं. मी म्हटलं, "नाही जेवले गं. खोटं बोलले."

ती म्हणाली, "वाढून घे. मी फोन चालू ठेवते." मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला, पान वाढून घेतलं आणि तिच्यासमोर बसून सगळं जेवले. शेवटचा घास संपेपर्यंत ती बघत होती.